पिवळं फडकं

सतराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत एक अख्खी पॅसेंजर गाडी माझ्या हातात होती. मी ती चालवत नव्हते, पण ती कन्हानहून कधी हलणार हे माझ्यावर होतं. रामटेककडून येणारी ही सकाळची गाडी कन्हानला दोन मिनिटं थांबायची, मग नदीचा पूल, कामठी आणि पुढे नागपूर. ज्याचं पोट नागपुरावर होतं तो कन्हानचा प्रत्येक माणूस तिच्यात असायचा. शाळामास्तर, कचेरीतले बाबू, दवाखान्यातल्या आया, आम्ही कॉलेजची पोरं. बायकांचा डबा सगळ्यात शेवटी, गार्डच्या डब्याला लागून. कन्हानहून त्यात चढणाऱ्या आम्ही सहा जणी पासवाल्या होतो, आणि सहाही जणी वेळेवर आल्या असा दिवस मला आठवत नाही. कोणाचं मूल तापलेलं, कोणाकडे नळ उशिरा आलेला. त्यातून एक पद्धत पडली होती, माझ्या आधीपासूनची. गाडी लागली की पहिली चढणारी बाई दाराच्या दांड्याला एक पिवळं फडकं बांधायची. फडकं बाहेर आहे म्हणजे आमच्यातली कोणीतरी यायची आहे. सहावी चढली की फडकं आत ओढायचं. गार्डसाहेब आपल्या दारातून तिकडे नजर ठेवून असायचे. फडकं आत गेलं की शिट्टी आणि हिरवी झेंडी. दोन मिनिटांची तीन व्हायची, कधी चार. त्यापुढे ते थांबत नसत आणि आम्हीही ताणत नसू.

फडकं शेंडेबाईंच्या जुन्या साडीचं होतं. बाई नागपूरला एका शाळेत शिकवायच्या आणि डब्यातही शिकवतच असायच्या. आधी म्हणे त्यांनी लाल आणलं होतं. तेव्हा गार्डसाहेबच उतरून येऊन म्हणाले होते, "बहनजी, लाल मत बाँधो. ड्रायव्हर की नजर पडी तो गाडी यहीं शाम करेगी." मग पिवळं आलं. फडक्यापाशी उभं राहायचं काम सगळ्यात लहान मुलीचं. माझ्या आधीच्या मुलीचं लग्न झालं आणि ते माझ्याकडे आलं. दारात उभी राहणारीला बसायला जागा मिळत नाही, कारण तोवर कामठीच्या बायकांसाठी रुमाल टाकून सगळी बाकडी भरलेली असतात. तीन वर्षं मी नागपूरपर्यंत उभ्याने गेले. तक्रार नाही, पाय पक्के झाले. पुढे कारखान्यात दिवसभर उभं राहायची वेळ आली तेव्हा इतर मुली कुरकुरायच्या आणि मला काही वाटायचं नाही.

आमचं घर खाणीच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. बाबा खाणीच्या हजेरी ऑफिसात होते. सकाळचा भोंगा झाला की ते अंगणात पितळी तांब्या घेऊन चूळ भरायचे, आणि तो खळखळाट ऐकून शेजारचे लोक घड्याळं लावायचे असं आई म्हणायची. घरात कोळशाची शेगडी. ती पेटेपर्यंत आई अंगणात पुठ्ठ्याने वारा घालत बसायची आणि धूर सरळ माझ्या अभ्यासाच्या खिडकीत यायचा. वाळत घातलेला कपडा दोनदा झटकल्याशिवाय आमच्याकडे कोणी अंगात घालत नसे, कारण ट्रक गेला की दोरीवर काळी भुकटी बसायची. मी अजून कपडे दोनदा झटकते. माझी सून एकदा म्हणाली, आई, इथे कुठे कोळसा आहे? नाही, म्हटलं, पण हात ऐकत नाही. डब्याला पोळी आणि तेलात कालवलेलं तिखट, हिवाळ्यात त्यासोबत मेथी नाहीतर वांग्याची भाजी. रविवारी पाटोडीचा रस्सा. आई तो इतका तिखट करायची की बाबा पहिल्या घासाला काही बोलत नसत, दुसऱ्या घासाला नाक पुसायचे आणि तिसऱ्याला म्हणायचे, "आज जमला." आई फार बोलणारी नव्हती. रागावली की आणखी कमी बोलायची, आणि भांडी तिच्या वतीने बोलायची.

सहा जणींमध्ये सगळ्यात उशिरा येणारी इंदूमावशी. नात्याने माझी कोणी नव्हती, पण डब्यात मी सगळ्यांनाच मावशी म्हणायचे, एक शेंडेबाई सोडून. मावशीचं घर फाटकाच्या पलीकडे होतं. तिथून रुळांच्या कडेने एक पायवाट उतरत स्टेशनकडे यायची, तिला आम्ही उतार म्हणायचो. नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही. एक मुलगी, माया, तेव्हा सहावीत. मायाची वेणी घालून, तिचा डबा भरून, तिला शेजारी सोपवून मावशी निघायची, आणि गाडी लागल्यावरच उतारावर दिसायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या धरलेल्या. चढल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "गाडी आज लवकर आली वाट्टे." सगळ्या हसायच्या. मावशी नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आया होती, पण रोजंदारीवर. अकरा वर्षं रोजंदारीवर. पर्मनंट हा शब्द ती देवाच्या नावासारखा हळू उच्चारायची. तोंडाने मात्र फटकळ. डब्यात कोणाची खैर नसे. शेंडेबाईंना ती म्हणायची, "बाई, तुमी घरी नवऱ्यालेबी हजेरी लावता का वं?" आणि बाईंना हसू दाबावं लागायचं.

आता मुख्य गोष्ट. त्या हिवाळ्यात मावशीच्या दवाखान्यात पर्मनंट करायची यादी निघाली. मावशीचं नाव त्यात होतं. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सगळे मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हायचं होतं, न येणाऱ्याचं नाव गळणार होतं. मावशीने हे सोमवारपासून डब्यात इतक्यांदा सांगितलं की कामठीला चढणाऱ्या रजियाआपा म्हणाल्या, "इंदू, अब बस कर, मेरे ख्वाब में भी तेरे कागज आ रहे." मावशी म्हणाली, "शुक्रवारी सगळ्यायसाठी सांबारवडी आणतो. गरम गरम. जाता जाता तोंड गोड नाई, तिखट करू." हिवाळ्यात आमच्याकडे सांबार, म्हणजे कोथिंबीर, जुडीने नाही तर ओझ्याने मिळतो. तो बारीक चिरून, खोबरं-खसखस घालून, पिठाच्या पारीत गुंडाळून तळायचा. सहा-आठ जणींना पुरतील इतक्या वड्या म्हणजे पहाटेपासूनचं काम. हे सगळं मला माहीत होतं. शुक्रवार कोणता, दहा म्हणजे किती, सगळं. "मी विसरले होते" असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत आले. मी विसरले नव्हते.

बुधवारी मावशी चढली आणि मी फडकं सोडायला जरा उशीर केला. पुढच्या डब्याच्या दारात पॉलिटेक्निकचा एक मुलगा उभा राहायचा. मी त्याच्याकडे पाहत होते. त्यात काही नव्हतं, पुढेही काही झालं नाही, त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. पण मावशीने पाहिलं.

"काय वं संगीता, फडकं गार्डासाठी बांधलं का त्या पोट्ट्यासाठी?"

डबाभर बायका हसल्या.

"मावशी, काहीबी नोका बोलू."

"मी काय बोलून राहिली? तुहे डोळेच बोलून राहिले. शेंडेबाई, हिले आता लाल फडकं द्या, गाडीच थांबते मंग पुढच्या डब्याजवळ."

मावशीला यात वाकडं काहीच नव्हतं. ती सगळ्यांनाच असं बोलायची. पण त्या दिवशी आमच्या वसाहतीतली एक बाई माहेरी जायला त्याच डब्यात बसली होती. गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तर भांडी वाजत होती. आई म्हणाली, "एवढा हप्ता जा. सोमवारपासून घरी बस. शिकलं तितकं पुरे." बाबा म्हणाले, "काहून? परीक्षा तोंडावर आहे तिची." आई म्हणाली, "तुमाले हजेरीच माईत. गाडीत पोरगी कोणाची हजेरी घेते ते मले लोक सांगतात." त्यावर बाबा उठून अंगणात गेले. आईने रागाने म्हटलं होतं, आणि सोमवारी मी गेले, पुढेही जात राहिले. पण शुक्रवारी सकाळी मला ते माहीत नव्हतं. आईने डबा हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मी तो उचलला आणि स्टेशनपर्यंत मनात एकच वाक्य घोळवत गेले, हिच्या एका जिभेमुळे माझं शिक्षण जाणार.

त्या सकाळी नदीवरून धुकं आलं होतं. फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा लागली. मी फडकं बांधलं. मी धरून पाच जणी चढल्या. शेंडेबाईंनी आतून विचारलं, "इंदू आली का वं?" मी बाहेर वाकले. धुक्यात उतार अर्धाच दिसत होता, आणि त्या अर्ध्यात मावशी होती. तिची निळी शाल मी ओळखत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोठा स्टीलचा डबा, म्हणून निऱ्या धरता येत नव्हत्या आणि ती अडखळत येत होती. मला दारात पाहून तिने डबा वर केला. म्हणजे, थांब, आले, आणि हे पाहा काय आणलंय.

"नाही दिसत," मी म्हणाले.

"आज तिचं कागदाचं काम आहे," बाई म्हणाल्या. "आज ती बसने पुढे गेली असणार. काढ फडकं, आधीच उशीर झाला आहे."

मी गाठ सोडली आणि फडकं आत ओढलं. गार्डसाहेबांची शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा मी दाराकडे पाठ केली. मला असं वाटलं की मावशीला एकदा कळू दे, दारात कोण उभं असतं ते. इतकंच. कारण सांगायला लाज वाटते ती ते वाईट आहे म्हणून नाही, ते इतकं छोटं आहे म्हणून. पुढची बस घेईल, फार तर धावपळ होईल, असा माझा हिशोब होता. कॉलेजला स्टेशनवरून पूल चढून सीताबर्डीकडे चालत जाताना तर मला बरंही वाटत होतं.

संध्याकाळच्या गाडीत मावशी आधीच बसलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आधी. मांडीवर तो डबा. धुक्यात नदीच्या पुलावर कोळशाचा ट्रक आडवा झाला होता आणि सकाळभर रस्ता बंद होता. बस नाही, ऑटो नाही. मावशी पुलावरून चालत कामठीला गेली आणि तिथून मिळेल त्या गाडीने नागपूरला. पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. खिडकीतल्या बाबूने कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. तिने हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, एवढाच फरक. मग तिने डब्याचं झाकण उघडलं. "खा वं. थंड्या झाल्या. पण फेकाच्या थोडीच हायेत." कोणी हात पुढे करेना. रजियाआपा डोळे पुसत होत्या. मावशीने पहिली वडी माझ्याकडे केली. "घे वं संगीता. तुले आवडते ना. त्या दिवशीचं मनावर घेतलं का? माह्या तोंडाले हाड नाई." मी दोन खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

"मी दिसली नाई का वं तुले?" ती म्हणाली. "मी डबाबी हालवला."

"धुकं होतं मावशी."

"मंग फडकं?"

इथे मी खरं बोलू शकले असते. "फडकं काढलं, कारण तुम्ही दिसल्या नाही," एवढंही पुरलं असतं. ते निम्मं तरी खरं ठरलं असतं आणि कोणी मला खाल्लं नसतं. पण मी म्हणाले, "फडकं बांधलेलंच होतं. गाडी सुटल्यावर काढलं." मला वाटलं शेंडेबाई लगेच म्हणतील, अगं, मीच तर काढ म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या विसरल्या होत्या की त्यांनाही ते सोयीचं वाटलं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या सरळ उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे फडकं असून गार्डने गाडी सोडली."

शनिवारी नागपूरच्या फलाटावर उतरल्या उतरल्या सगळ्या गार्डच्या डब्यापुढे जमल्या. गार्डसाहेब पन्नाशीतले, सडपातळ, गळ्यात मफलर, जाड काचांचा चष्मा. तीन वर्षांत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले असतील, "संभल के, बिटिया." शेंडेबाईंनी त्यांना सगळं ऐकवलं. बाईची नोकरी, अकरा वर्षं, एका माणसाचं नुकसान. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बहनजी, मैंने देखा था. फडका नहीं था."

"होतं," बाई म्हणाल्या. "संगीता, होतं की नाही?"

गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागाने पाहत नव्हते. शाळेत मास्तर फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाकडे पाहतात, उत्तर येतं का म्हणून, तसं.

"होतं," मी म्हणाले.

 त्यांनी चष्मा काढून मफलरने पुसला. "अच्छा. तो धुंध में मेरी ही नजर चूक गई होगी." आणि इंदूमावशीकडे वळून त्यांनी हात जोडले. "माफ करना, बाई."

त्यांनी असं का केलं यावर मी आयुष्यात जितका विचार केला आहे तितका माझ्या लग्नावरही केलेला नाही. मला वाचवलं असेल. किंवा स्वतःला, कारण फडकं पाहून गाडी थांबवणं हे कोणत्याच नियमात नव्हतं आणि त्याबद्दल वाद वाढवण्यात त्यांचंच नुकसान होतं. किंवा, आणि हे मला सगळ्यात जड जातं, त्यांना खरंच वाटलं असेल की आपली नजर चुकली. एवढीशी मुलगी, रोज दारात उभी राहणारी, खोटं कशाला बोलेल?

रविवारी शेंडेबाईंच्या घरी अर्ज लिहायचं ठरलं. रेल्वेने चूक मान्य केली तर तो कागद दाखवून दवाखान्यात काही होऊ शकेल, असं बाईंचं म्हणणं. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहायला मी. खाली कार्बन घालून, दोन प्रती. बाई सांगत होत्या आणि मी लिहीत होते. फडक्याचं नाव काढायचं नाही, असं त्या म्हणाल्या, ते नियमात बसत नाही, उलट आपल्यावरच येईल. म्हणून लिहिलं ते असं: "सदर महिला प्रवासी गाडीकडे येत असताना संबंधित गार्डने दुर्लक्ष करून गाडी सोडली. नजर चुकल्याचे संबंधित गार्डने सर्वांसमक्ष मान्य केले आहे." शेजारी मावशी बसली होती, माझ्या प्रत्येक ओळीकडे मान हलवत. तिला वाचता येत होतं, पण मोठ्या अक्षरातलं. मध्येच ती म्हणाली, "किती सुंदर लिहिते वं ही पोट्टी. छापल्यावाणी." मी पेन खाली ठेवलं. आता सांगावं, असं ठरवलं. तेवढ्यात बाईंच्या सासूने चहा आणला, सगळ्यांनी कप घेतले, आणि मी पेन परत उचललं. सही करताना पहिली सही मावशीची, शेवटची माझी.

दवाखान्यात काही झालं नाही. मावशीचं नाव गळलं ते गळलं. पुढची यादी निघाली तेव्हा तिचं वय बसत नव्हतं. गाडीवर मात्र झालं. "नजर चुकल्याचे मान्य केले" या ओळीवर गार्डसाहेबांच्या डोळ्यांची तपासणी झाली. रेल्वेत त्या कामाला डोळे कसे लागतात हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तपासणीत काय निघालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते पुन्हा त्या गाडीवर आले नाहीत एवढं खरं. स्टेशनवरचा चहावाला म्हणाला, "त्यायले आता ऑफिसात बसवलं, रजिस्टर लिहाले. गाडीवरचा माणूस तो, खुर्चीवर कसा बसन गा?" नवीन गार्डने पहिल्याच दिवशी फडक्याकडे बोट करून विचारलं, "यह क्या है?" शेंडेबाईंनी ते सोडून पर्समध्ये टाकलं. त्यानंतर गाडी दोन मिनिटांनी सुटायची. ज्याला यायचं त्याने यावं.

आता मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कंपनीची बस येते. ड्रायव्हर तरुण आहे, वेळेचा पक्का. मी रोज मागच्या सीटवर बसते आणि बस निघण्यापूर्वी मागच्या काचेतून एकदा रस्ता पाहून घेते. कोणी येताना दिसलं की ओरडते, "थांब रे." माझ्या मागे तिथे मला चौकीदारीण म्हणतात, मला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी कधी मेट्रोने बर्डीला जाते. तिथे दारं आपोआप लागतात. कोणाचाच दोष नाही. मला ते आवडतं, हे कबूल करायला हवं.

मेट्रोचं काम आता कन्हानच्या दिशेने सरकतंय. ते पाहायच्या निमित्ताने मागच्या हिवाळ्यात माहेरच्या वस्तीत जाणं झालं आणि मी ठरवून इंदूमावशीकडे गेले. पंच्याहत्तरीला टेकली आहे. माया, तिची मुलगी, आता तिथेच राहते, शिवणकाम करते. मावशी खाटेवर उन्हात बसली होती. ओळख पटायला वेळ लागला नाही. "संगीता वं? बस. गाडी आज लवकर आली वाट्टे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. मी चहा होईपर्यंत थांबले नाही. थांबले की राहून जातं, हे मला शेंडेबाईंच्या घरी कळलं होतं.

"मावशी, एक सांगाचं हाय. त्या शुक्रवारी फडकं मीच काढलं व्हतं. तुमी मले दिसल्या व्हत्या. डबा वर केला तोबी दिसला. मी मुद्दाम काढलं."

 माया शिवणयंत्र थांबवून दारात आली.

"नाई वं," मावशी म्हणाली. "तो गार्ड व्हता आंधळा. चष्मेवाला."

"तो आंधळा नव्हता, मावशी. त्याले बरोबर दिसलं व्हतं."

"त्यानं हात जोडले ना माह्यापुढं? चूक नसन तर कोणी हात जोडते का? तू लेकरू व्हती. तुले धुक्यात काय दिसते? इतक्या वर्साचं, तुह्या डोक्यात काईबाई मिसळलं असन."

"मिसळलं नाही."

"माया," ती म्हणाली, "ते पत्र्याची पेटी आण."

पेटीत तिचे ते सगळे मूळ कागद होते, त्या शुक्रवारी घेऊन निघालेले, तसेच. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, रोजंदारीचं अकरा वर्षांचं पत्र. आणि सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, अर्जाची कार्बन प्रत. निळं अक्षर पुसट झालं होतं पण वाचता येत होतं. माझंच. छापल्यासारखं.

"हे पाय," मावशी म्हणाली. "माह्यासाठी जिंदगीत कोणी एक चिठ्ठी नाई लिहिली. नवऱ्यानं नाई, भावानं नाई. तू लिहिली. मी मायाच्या पोरीलेबी दाखवतो, अशी असते शिकलेली पोरगी. अन् तू मले सांगून राहिली का फडकं तू काढलं."

मी तो कागद मागितला. तिने दिला नाही. "नाई वं. तो माह्या हाय." मायाने तो पिशवीत घालून परत पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या ना. तिले तेवढंच हाय." मी हो म्हटलं. निघताना तिने डब्यात सांबारवडी दिली.

मावशीला मी खरं द्यायला गेले, ते तिने घेतलं नाही. पण दुसऱ्या माणसाचं काय, ज्याचं नावही मी कधी विचारलं नाही? तो आता असेल की नाही, मला माहीत नाही. त्याला घरी कोणी ऐकवलं असेल का, की तुझी नजर गेली म्हणून तुला गाडीवरून उतरवलं? मी स्टोअरमध्ये काम करते. चुकीची नोंद झाली की ती खोडत नाही, खाली दुरुस्ती लिहून सही करतो. तो अर्ज पेटीत आहे आणि पेटी उघडणार नाही, म्हणून दुरुस्ती इथे लिहिते.

सदर महिला प्रवासी गाडीकडे येत असताना गार्डने फडक्याकडे पाहिले. फडके नव्हते. त्यांची नजर चुकली नव्हती. फडके दारात उभ्या असलेल्या मुलीने काढले होते, आणि अर्जावरची शेवटची सही तिची आहे.